ऑक्टोबरात फुललेली चेरी : वाचकांचे प्रश्न

पानगळीवरचा लेख छापून आल्यावर बरीच पत्रं आली. त्यातली निम्म्याहून जास्त चेरीबद्दल आहेत, हे मला अपेक्षित नव्हतं. पण आपली माणसं आता चिबापासून श्टुटगार्टपर्यंत राहतात आणि डोंबिवलीची मंडळी दिवाळीनंतर कुमाऊंत जातात. म्हणून यावेळी सगळी जागा चेरीला दिली आहे.

प्रश्न : आम्ही जपानमध्ये चिबा इथे राहतो. मुलीच्या शाळेच्या कुंपणाला लागून चेरीची झाडं आहेत. यंदा ऑक्टोबरच्या मध्यात त्यातल्या दोन झाडांच्या शेंड्यांवर फुलं आली. झाडावर पान जवळजवळ नव्हतंच. शेजारच्या आजी म्हणाल्या, 2018 साली वादळानंतर असंच झालं होतं. झाडाला रोग झालाय का? आणि मार्चमध्ये मुलीला शाळेत फुलं दिसतील ना?
— एक वाचक, चिबा, जपान

उत्तर : आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, दिसतील. त्या दोन झाडांच्या शेंड्याकडे थोडी विरळ असतील, एवढंच.

असं का, ते सांगते. मार्चमध्ये उमलणारं फूल मार्चमध्ये तयार होत नाही. चेरीची फुलकळी आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये धरते. सप्टेंबर लागता लागता फांदीवरचा एखादा गोल डोळा ब्लेडने उभा चिरून भिंगाखाली पाहिला, तर आत पाकळ्या आणि पुंकेसर यांचे बारीक कोंब दिसतात. तेव्हा हवाही उबदार असते. मग ही कळी सप्टेंबरातच का फुलत नाही? तिला पान फुलू देत नाही. रात्री लांबायला लागल्याचं आणि गारवा आल्याचं झाडाला पानातून कळतं. पान अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं द्रव्य तयार करून कळीकडे पाठवतं आणि कळी हळूहळू मिटून घट्ट होते. हे एका रात्रीत होत नाही, आठवडे लागतात. पान पिवळं पडून आपणहून गळतं, तोवर हे काम झालेलं असतं.

पान त्याआधीच गेलं तर काम अर्धवट राहतं. कळी पूर्ण तयार असते, पण झोपलेली नसते. त्यात पाचसहा उबदार दिवस मिळाले की ती उमलते.

आजींना आठवणारं 2018 हे वर्ष याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे. त्या साली 4 सप्टेंबरला 21 क्रमांकाचं ‘जेबी’ वादळ कान्साई भागावरून गेलं आणि 30 सप्टेंबरला 24 क्रमांकाचं ‘त्रामी’ किनाऱ्यावर आलं. दुसऱ्या वादळाने समुद्राचं खारं पाणी वाऱ्याबरोबर आत, तुमच्या कान्तो भागापर्यंत नेलं. काही पानं वाऱ्याने उतरली, काही मिठाने करपून गेली. पाठोपाठ हवा पुन्हा उबदार झाली. ऑक्टोबरात वेदरन्यूज या हवामान कंपनीने लोकांकडून माहिती मागवली, तेव्हा चेरी फुलल्याच्या साडेतीनशेहून अधिक नोंदी देशभरातून आल्या.

तुमच्या पत्रात यंदा वादळ आल्याचा उल्लेख नाही. म्हणून एक करा. गळलेली पानं अजून झाडाखाली असतील तर उचलून पाहा. कडा तपकिरी आणि कुरकुरीत असतील तर वारा किंवा मीठ. पानाच्या नुसत्या शिरा उरल्या असतील तर सुरवंट. जपानमध्ये उन्हाळ्याच्या शेवटी चेरीवर सुरवंटांच्या झुंडी पडतात आणि एखादी फांदी पूर्ण नागवी करतात. पान पिवळं पण अखंड असेल तर ऑगस्टमधला कोरडेपणा. वादळाच्या वेळी बहुधा वाऱ्याकडची बाजूच फुलते, तेही पाहण्यासारखं आहे.

एक शक्यता अगदी वेगळी. काही चेरी स्वभावानेच वर्षातून दोनदा फुलतात. आइची प्रांतात तोयोता शहराच्या ओबारा भागात ‘शिकिझाकुरा’ची सुमारे 10,000 झाडं आहेत. ती नोव्हेंबरात लाल मेपलच्या शेजारी फुलतात आणि वसंतात पुन्हा फुलतात. शाळेतलं झाड तसलं असेल तर ते दरवर्षी फुललं असतं आणि आजींना ते माहीत असतं. म्हणून तुमची झाडं नेहमीची, वसंतात एकदाच फुलणारी सोमेइ-योशिनो जातीचीच असावीत असं मला वाटतं.

रोगाचं म्हणाल, तर एका वर्षाच्या फुलांवरून रोग ठरवता येत नाही. पण तेच झाड लागोपाठ दोनतीन वर्षं ऑगस्टमध्येच पानं टाकत असेल, किंवा बुंध्याशी अळिंबी उगवत असेल, तर शाळेला सांगून ‘जुमोकुई’ला, म्हणजे तिकडच्या प्रमाणपत्रधारक वृक्षवैद्याला, बोलवा. आणि मुलीला सांगा, आत्ता फुललेल्या फांदीवर रंगीत दोरा बांधून ठेव. ज्या डोळ्यातून आत्ता फूल आलं, त्यातून मार्चमध्ये येणार नाही. शेजारच्या मिटलेल्या डोळ्यातून येईल. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी राहुरीला बी.एस्सी. अ‍ॅग्री करतो. आमची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. हस्त बहर धरताना आम्ही पाणी तोडून ताण देतो, इथ्रेल मारून पानगळ करतो आणि मग पाणी सोडतो, की फुलं निघतात. वादळाने चेरीची पानं जाऊन फुलं येणं म्हणजे हेच ना? मग शास्त्रज्ञ तिला ‘विचित्र घटना’ का म्हणतात?
— एक विद्यार्थी

उत्तर : प्रश्न वाचून फार बरं वाटलं. जगातल्या कितीतरी माणसांना जे समजावून सांगावं लागतं, ते तुझ्या घरात पिढीजात माहीत आहे. पान काढलं की डोळा सुटतो, हे मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

इंडोनेशियात पूर्व जावामध्ये बातू नावाचं गाव आहे. विषुववृत्ताजवळ, डोंगरावर. तिथे सफरचंद पिकतं. थंडी नावाची गोष्ट नाही, तरीही. तोडणी झाली की मजूर झाडावरची सगळी पानं हाताने ओरबाडून काढतात. डोळे झोपायच्या आत फुटतात आणि वर्षाला दोन पिकं निघतात. चेरीच्या कुळातलंच झाड आहे ते, गुलाबाच्या. वादळाने चिबात जे केलं, तेच बातूतले शेतकरी मुद्दाम करतात.

पण डाळिंब आणि चेरी यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो तू नीट धरून ठेव. तुझं डाळिंब आपल्या हवेत झोपतं ते पाण्याच्या ताणाने. पाणी आलं की उठतं. चेरीची झोप दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ती वरवरची असते. पान गेलं, ऊब मिळाली की मोडते. पण नोव्हेंबरात एकदा ती खोल गेली, की पाणी द्या, ऊब द्या, पानं काढा, काही होत नाही. डोळ्यातल्या पेशींमधले बारीक दुवे कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजलेले असतात. वाढीचा निरोप आत पोहोचतच नाही. हे दुवे मोकळे व्हायला आठवडेच्या आठवडे थंडी लागते, साधारण 0 ते 7 अंशांची. म्हणून ऑक्टोबरचं वादळ चेरी फुलवू शकतं, डिसेंबरचं नाही.

या खोल झोपेमागचे जीन पहिल्यांदा सापडले ते पीचच्या एका वेगळ्याच झाडामुळे. मेक्सिकोत असं पीच होतं, जे झोपायचंच नाही. थंडीतही शेंडा वाढत राहायचा. त्याची गुणसूत्रं तपासली, तर सहा जीनांची एक रांग बिघडलेली निघाली. त्यांना आता डॅम जीन म्हणतात. चेरीतही तेच आहेत. थंडी साठत गेली की त्यांचं काम मंदावतं.

नाशिककडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते तू पाहिलं असशील. थंडी कमी पडणाऱ्या देशांत चेरीच्या बागांवरही तेच मारतात. जिथे थंडी पुरत नाही तिथे तिची जागा रसायनाने भरायची, असा तो प्रकार आहे. विषारी औषध आहे, फवारणी करणाऱ्याने हातमोजे आणि मास्क न घालता त्याच्या जवळ जाऊ नये.

‘विचित्र’ या शब्दाबद्दल तुझं बरोबर आहे. झाडाच्या बाजूने पाहिलं तर त्यात विचित्र काहीच नाही. हवा विचित्र होती.

प्रश्न : आमचा बारा जणांचा ग्रुप नोव्हेंबरात मुक्तेश्वर आणि बिनसर करून आला. वाटेत जंगलाच्या कडेला गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसली, मागे बर्फाची शिखरं. फोटो टाकल्यावर ग्रुपवर एकच धमाल. कोणी म्हणालं चेरी तर वसंतात फुलते, हवामान बदलाने झाडं वेडी झाली. गाइड म्हणाला, हे पद्म, दरवर्षी फुलतं. खरं काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गाइडचं खरं. त्याला माझा नमस्कार सांगा.

तुम्ही पाहिलंत ती हिमालयातली रानचेरी, प्रुनस सेरासॉइडिस. कुमाऊंत तिला पद्म किंवा पय्यां म्हणतात, हिमाचलात पाजा, नेपाळात पैयुं. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात ‘पद्मकाष्ठ’ म्हणून मिळतं ते याच झाडाचं लाकूड. ही चेरी शरद ऋतूतच फुलते. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, जागेनुसार पुढे-मागे. शिलाँगला 2016 पासून नोव्हेंबरात चेरीच्या फुलांचा उत्सव भरतो, तो याच झाडाचा. उत्तर थायलंडच्या डोंगरांवर हीच जात डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत फुलते, कारण तिथे गारवाच उशिरा येतो.

हवेमुळे नव्हे, रक्तातूनच ही सवय आली आहे, याचा एक सुंदर पुरावा आहे. नेपाळचे तेव्हाचे युवराज वीरेंद्र टोकियोत शिकत होते. त्यांच्याकडून 1968 मध्ये या झाडाच्या बिया जपानच्या आतामी शहराला मिळाल्या. त्यातून वाढलेली झाडं आजही तिथे नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरात फुलतात. त्याच गावातल्या बहुतेक जपानी चेरी तेव्हा निष्पर्ण, गाढ झोपलेल्या असतात. जमीन तीच, हवा तीच.

पद्म पावसाळ्यात कळ्या धरतं, पाऊस सरला की पानं टाकतं आणि जवळजवळ लगेच फुलतं. जी खोल झोप जपानी चेरी घेते, ती याच्या वेळापत्रकात फुलांच्या आधी बसतच नाही. आणखी वर गेलात तर तिथली दुसरी रानचेरी, प्रुनस कॉर्न्युटा, बर्फ वितळल्यावर एप्रिल ते जूनमध्ये पांढरी फुलते. एकाच डोंगरावर, एकाच कुळातल्या दोन झाडांनी दोन वेगळे ऋतू निवडले आहेत.

पद्माचा ऋतू डोंगरातल्या माणसांनाही सोयीचा. नोव्हेंबरात तिथे दुसरं फारसं काही फुलत नाही. आपण जिला सातेरी म्हणतो ती मधमाशी कुमाऊंतल्या जुन्या घरांच्या भिंतींमधल्या कोनाड्यांत पाळलेली असते. थंडी कडक होण्यापूर्वी तिला शेवटचं मोठं खाद्य मिळतं ते पद्मावर. कार्तिकातला हा मध फिकट असतो, लवकर साखरतो आणि गावातली म्हातारी माणसं तो विकायला नाखूश असतात. माझी लेक अल्मोड्याला असते. तिच्या शेजारणीने मला वाटीभर दिला होता, तोसुद्धा वाटी परत करताना तीत काहीतरी घालूनच द्यायची असं बजावून. लग्नाच्या मांडवाला, मुंजीला पद्माची डहाळी लागते. झाड तोडत नाहीत. हिमाचलात गोड चेरीची कलमं याच पाजाच्या खुंटावर बांधतात.

आता तुमच्या ग्रुपमधल्या काळजीकडे येते, कारण काळजी खोटी नाही, फक्त चुकीच्या जागी लागली आहे. पद्म नोव्हेंबरात फुललं यात बातमी नाही. ते कधी फुललं, आणि फुललं तेव्हा हवा काय करत होती, यात आहे.

तुम्ही गेलात त्याच मुक्तेश्वरला 1897 पासून पावसाच्या नोंदी आहेत. 19 ऑक्टोबर 2021 च्या सकाळी तिथे आदल्या 24 तासांचा पाऊस 340.8 मिलिमीटर मोजला गेला. त्याआधीचा उच्चांक 254.5 मिलिमीटर होता, 18 सप्टेंबर 1914 चा. मान्सून परतल्यानंतर, पद्माच्या कळ्या फुगायच्या दिवसांत हा पाऊस आला. त्या पावसात माणसं गेली, रस्ते गेले. झाडांचा हिशोब तेव्हा कोणी करत बसलं नाही आणि ते योग्यच होतं. पण असा पाऊस फुलावर आला तर काय होतं ते वनस्पतिशास्त्र सांगतं. पराग भिजला की फुगून फुटतो. मध पातळ होतो. सातेरी पावसात बाहेर पडत नाही. चेरीचं एक फूल काही दिवसांचंच असतं आणि बहुतेक चेरींना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. ते दिवस पावसात गेले की फळ धरत नाही. मग वसंतात बुलबुलांना पद्माची फळं नाहीत आणि त्यांच्या विष्ठेतून पडणाऱ्या बिया नाहीत. आणि ज्या मोहोळाचा कार्तिकातला साठा झाला नाही, ते माघापर्यंत टिकणं अवघड.

उलट, पाऊस संपूनही ऑक्टोबर ढगाळ आणि उबदार राहिला तर पानं उशिरा गळतात आणि फुलंही उशिरा येतात. म्हणून पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा तारीख आणि उंची लिहून ठेवा. ‘यंदा लवकर फुललं’ असं नुसतं म्हणून चालत नाही. मी पाहिलेल्या उतारांवर वरची झाडं आधी फुलतात, कारण गारवा वरून खाली उतरतो. तुम्ही मागच्या वर्षी 1,500 मीटरवर पाहिलं आणि यंदा 2,000 मीटरवर, तर फरक झाडाचा नाही, तुमच्या वाटेचा आहे. आणि फोटोत पानं आहेत की नाहीत तेही येऊ द्या. पानं असताना फुललेलं पद्म आणि नागव्या फांदीवर फुललेलं पद्म यांत फरक आहे.

प्रश्न : आमच्या घरामागे एक मोठी रानचेरी आहे, इथे तिला फोगेलकिर्शं म्हणतात. यंदा नोव्हेंबर संपेपर्यंत थंडी अशी नव्हतीच आणि डोळे फुगल्यासारखे वाटतात. शेजारच्या काकू दर 4 डिसेंबरला चेरीच्या डहाळ्या तोडून घरात पाण्यात ठेवतात, नाताळला त्या फुलतात. मागच्या वर्षी फुलल्या नाहीत. आता वसंतात झाड लवकर फुलेल की उशिरा? छाटणी किंवा खत काही करू का?
— एक वाचक, श्टुटगार्ट, जर्मनी

उत्तर : खत नको. छाटणी तर मुळीच नको. शरदातल्या आणि हिवाळ्यातल्या जखमेतून चेरीला ‘रुपेरी पान’ हा बुरशीरोग आणि खोडाचा जिवाणू-रोग धरतो. तिची छाटणी जून ते ऑगस्टमध्ये, कोरड्या दिवशी. नत्राचं खत उन्हाळ्याच्या उत्तरार्धानंतर दिलं तर कोवळी फूट येते आणि तीच पहिल्या हिमात काळी पडते.

शेजारच्या काकूंची रीत मात्र मला मनापासून आवडते. संत बार्बराच्या दिवशी, 4 डिसेंबरला, डहाळ्या आणायच्या आणि त्यांनी नाताळला फुलायचं. त्या फुलण्याआधी थंडी झालेली असावी लागते हे तिथल्या आज्यांना ठाऊक असतं. हिम पडलं नसेल तर कितीतरी जणी डहाळ्या एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवतात. प्रयोगशाळेतही नेमकं हेच करतात. ठरावीक दिवसांनी डहाळ्या तोडायच्या, उबदार खोलीत पाण्यात ठेवायच्या आणि किती डोळे फुटतात ते मोजायचं. फुटले तर झाडाची थंडीची गरज भागली. स्पेनमधल्या संशोधकांनी अशाच डहाळ्यांच्या कळ्या कापून पाहिल्या, तेव्हा दिसलं की थंडी साठत जाते तसं फुलाच्या इवल्या बीजांडकोशात पिष्ट साठत जातं. बाहेरून कळी निपचित दिसते आणि आत शिदोरी बांधली जात असते. मागच्या वर्षी काकूंच्या डहाळ्या फुलल्या नाहीत, याचा सरळ अर्थ असा की 4 डिसेंबरपर्यंत पुरेशी थंडी झालेली नव्हती. यंदा 4 डिसेंबर, 25 डिसेंबर आणि 15 जानेवारी अशा तीन वेळा चार-चार डहाळ्या आणा आणि पहिलं फूल किती दिवसांनी आलं ते कॅलेंडरवर लिहा. कोणत्याही बातमीपेक्षा तुमच्या झाडाबद्दल त्यातून जास्त कळेल.

आता लवकर की उशिरा. इथे दोन ओढी एकमेकींविरुद्ध आहेत. उबदार शरदात झोप उशिरा लागते आणि थंडीची मोजणी उशिरा सुरू होते, त्यामुळे फुलणं लांबतं. नॉर्वेत बर्च आणि आल्डरची रोपं शरदात उबेत ठेवून पाहिली, तर वसंतात त्यांची पालवी उशिरा आली. दुसरीकडे फेब्रुवारी-मार्च उबदार असला की फुलणं लवकर होतं. जिथे हिवाळा भरपूर थंड असतो तिथे आतापर्यंत दुसरी ओढ जिंकत आली आहे. क्योतोच्या डोंगरांवरच्या रानचेरीचा, यामाझाकुराचा, पूर्ण बहर कधी आला याच्या नोंदी इसवी सन 812 पासूनच्या रोजनिश्यांमधून यासुयुकी आओनो या संशोधकांनी जुळवल्या. त्यात 2021 चा बहर 26 मार्चला आला. त्याआधी सगळ्यात लवकरचा होता 27 मार्च 1409 चा. पण जपानच्याच दक्षिण टोकाला, कागोशिमात, हिवाळा चेरीला जेमतेम पुरतो. तिथे उबदार वर्षी फुलं रेंगाळतात. 2020 मध्ये टोकियोत 14 मार्चला पहिली फुलं आली, आणि कितीतरी उबदार असलेल्या कागोशिमात त्यानंतर.

श्टुटगार्टला डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी पुरेशी मिळते. त्यामुळे तुमचं झाड लवकर फुलण्याचीच शक्यता मला जास्त वाटते, आणि मला काळजी त्याचीच आहे. मिटलेली, कडक झालेली कळी उणे 15 अंशांच्या खालीही तग धरते. पूर्ण उमललेल्या फुलांतली दहा टक्के उणे 2.2 अंशांनाच मरतात आणि उणे 3.9 ला नव्वद टक्के. एप्रिलच्या सुरुवातीची एक निरभ्र रात्र पुरते.

दुसरा धोका आत्ताचा. उबदार नोव्हेंबरात झाडाची साल आणि डोळे थंडीसाठी कडक होत नाहीत. मग अचानक पारा उतरला तर साल फाटते. अमेरिकेच्या वायव्य भागात 11 नोव्हेंबर 1955 च्या सुमारास असंच झालं. बागा अजून हिरव्या होत्या आणि थंडीची लाट आली, फळझाडं मोठ्या संख्येने गेली. तुमच्या हातात एक गोष्ट आहे. बुंध्याची दक्षिण-नैऋत्य बाजू चुन्याने रंगवा किंवा गोणपाटाने झाका. दिवसा ऊन आणि रात्री हिम यांच्यात सर्वांत जास्त ताणली जाते ती हीच बाजू.

आणि डोळे फुगल्यासारखे वाटतात म्हणालात. चेरीचे फुलडोळे मुळातच गोल आणि गुबगुबीत असतात, आखूड फांदीवर झुबक्याने. पानाचा डोळा टोकदार. खवले तपकिरी आणि घट्ट असतील तर कळी झोपलेली आहे. खवल्यांच्या मधून हिरवी रेघ दिसली, तरच ती जागी होतेय असं समजा, आणि तसं असेल तर मला लगेच कळवा.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर पद्म लावता येईल का? ऑनलाइन रोप मिळतंय.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. पद्म 1,200 ते 2,400 मीटर उंचीवरचं मोठं वृक्षजातीचं झाड आहे. पुण्यात नोव्हेंबरच्या रात्री गार असतात, पण दुपारी तीस अंशांच्या आसपास असतात आणि गच्चीवरची कुंडी त्याहून तापते. रोप जगलं तरी पानं काढत राहील, फुलणार नाही. शिवाय ‘चेरी’ या नावाखाली बरेचदा आपल्या रस्त्यांवरची सिंगापूर चेरी, म्हणजे म्युंटिंजिया, विकतात. तिचा खऱ्या चेरीशी काही संबंध नाही, पण पक्ष्यांना फळं आवडतात आणि ती पुण्यात बारमाही फुलते. जमिनीत जागा असेल तर ती लावा.